लाव्हाच्या गडावरची कुलदेवता : माहूरची कौटुंबिक यात्रा

ज्वालामुखीतून जन्मलेल्या भूमीवर कुटुंबासह सुट्टी घालवायची म्हटले की आजच्या मराठी वाचकासमोर बहुधा ग्रीसमधील सँटोरिनी बेट उभे राहते, कारण कड्याच्या टोकावरची पांढरी घरे, निळे घुमट आणि खाली अथांग समुद्र हे त्या बेटाचे चित्र परदेश सहलींच्या जाहिरातींतून घरोघरी पोहोचले आहे. मात्र महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अग्निजन्य खडकाच्या डोंगरावर जात आली आहेत, तिथे मुक्काम करीत आली आहेत आणि लग्न झाले, मूल झाले किंवा नवस फिटला की पुन्हा त्याच पायऱ्या चढत आली आहेत. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या वळणात वसलेले माहूर हे अशा ठिकाणांपैकी अग्रगण्य होय. सँटोरिनीला जाणारा पर्यटक ज्वालामुखीचे रूप पाहण्यासाठीच जातो. माहूरला जाणारे कुटुंब रेणुकामातेच्या दर्शनासाठी जाते आणि वाटेतल्या खडकाकडे सहसा पाहत नाही. तरीही गड कुठे बांधला गेला, पाणी कुठे साठले, लेणी कुठे खोदली गेली आणि पायऱ्यांच्या वाटेला कुठे दम लागतो, या प्रत्येक गोष्टीवर त्या खडकाचाच शिक्का आहे. यात्रेचा भूगोल लाव्हाने आखून ठेवला आहे, आणि तो वाचता आला तर दर्शनाची गोडी वाढतेच, असा या प्रकरणाचा विश्वास आहे.

तुलनेसाठी प्रथम सँटोरिनीची घडण पाहणे उपयोगी ठरेल. या बेटाचे ग्रीक नाव थिरा असे असून ते एजियन समुद्रातील सायक्लेडीज द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला आहे. नकाशावर ते एका मोडक्या कंकणासारखे दिसते, कारण मूळच्या ज्वालामुखीचा मधला भाग खचून समुद्रात गेला आहे. उद्रेकात भूगर्भातील शिलारसाची कोठी रिकामी झाली की तिचे छत स्वतःच्या भाराने आत कोसळते आणि जो प्रचंड खळगा तयार होतो त्याला भूशास्त्रात कॅल्डेरा म्हणतात. सँटोरिनीचा कॅल्डेरा सुमारे बारा किलोमीटर लांब आणि सात किलोमीटर रुंद असून त्यात आता समुद्राचे पाणी भरलेले आहे. ज्या उद्रेकाने त्याला आजचे रूप दिले तो इसवी सनापूर्वी सतराव्या किंवा सोळाव्या शतकात झाला. त्या वेळी बेटावर अक्रोतिरी नावाने आज ओळखले जाणारे एक संपन्न नगर होते आणि ते राखेच्या व प्यूमिसच्या, म्हणजे वायूच्या असंख्य बुडबुड्यांनी हलक्या झालेल्या दगडाच्या, जाड थराखाली गाडले गेले. पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू केले तेव्हा दुमजली-तिमजली घरे, सांडपाण्याच्या नाल्या आणि भिंतींवरील रंगीत चित्रे जशीच्या तशी मिळाली. एका खोलीच्या भिंतींवर लाल-पिवळ्या ज्वालामुखी खडकांवर फुललेली लिलीची फुले आणि त्यांच्या वर झेपावणाऱ्या पाकोळ्या रंगवलेल्या आहेत. आपण कोणत्या दगडावर राहतो याचे भान त्या चित्रकाराला होते. नगरात माणसांचे सांगाडे मात्र जवळपास मिळालेच नाहीत, त्यामुळे आधीच्या भूकंपांनी सावध होऊन रहिवासी निघून गेले असावेत असे मानले जाते.

आता दख्खनकडे वळू. महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या काळ्या खडकाने झाकला आहे तो बेसाल्ट, म्हणजे लोह व मॅग्नेशियम यांचे प्रमाण जास्त असलेला, लाव्हा थंड होऊन बनलेला खडक होय. आजही त्याचे आच्छादन सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस असताना आणि आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त केंद्रावरून उत्तरेकडे सरकत असताना, भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हाचे पूर एकामागून एक बाहेर आले. याला भेगी उद्रेक म्हणतात. त्यात शंकूच्या आकाराचा पर्वत उभा राहत नाही. वितळलेला खडक दऱ्या भरून काढतो, सपाट पसरतो आणि थंड झाल्यावर त्याच्यावर पुढचा थर येऊन बसतो. उसाच्या कढईतील पातळ काकवी आणि गोळीबंद होत आलेला पाक यांत जो फरक, तोच इथल्या आणि सँटोरिनीच्या शिलारसात मानता येतो. बेसाल्टच्या लाव्हात सिलिका, म्हणजे वाळूचे मूळ द्रव्य, साधारण पन्नास टक्के असल्याने तो पातळ असतो आणि त्यातील वायू सहज निसटतात. सँटोरिनीच्या त्या महाउद्रेकाच्या शिलारसात ते सत्तर टक्क्यांच्या जवळपास होते, त्यामुळे तो चिकट झाला, वायू कोंडले गेले आणि शेवटी सारे फुटून आकाशात उडाले. तिकडचा कॅल्डेरा आणि इकडची पठारे ही या एकाच रासायनिक फरकाची दोन फळे आहेत.

लाव्हाच्या या थरांची जाडी सर्वत्र सारखी नाही. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या मुख्य रांगेत ती हजार मीटरच्या वर भरते, पूर्वेकडे ती कमी होत जाते आणि मराठवाड्याच्या पूर्व कडेला आवरण विरळ होऊन त्याखालचा जुना खडक वर डोकावू लागतो. नांदेड जिल्हा या दृष्टीने विलक्षण आहे. देगलूर, बिलोली, मुखेड या भागांत गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे गोल धोंडे शिवारात उभे दिसतात. किनवटच्या बाजूला चुनखडकाचे थर आहेत, ज्यांना भूशास्त्रज्ञांनी पैनगंगा नदीवरूनच पैनगंगा गट हे नाव दिले आहे आणि जे लाव्हापेक्षा कितीतरी जुने आहेत. देगलूरहून कुलदेवतेला निघालेले कुटुंब माहूरला पोहोचेपर्यंत पृथ्वीच्या इतिहासातील निरनिराळ्या युगांवरून प्रवास करते. असाच योग सँटोरिनीतही आहे. तिथले सर्वांत उंच शिखर प्रोफितिस इलियास ५६७ मीटर उंच आहे आणि ते ज्वालामुखीचे नसून ज्वालामुखी निर्माण होण्याच्या फार आधीपासूनच्या चुनखडकाचे आहे. त्याच्या माथ्यावर अठराव्या शतकात स्थापन झालेला मठ आहे, म्हणजे त्या बेटावरही उंच माथा देवासाठीच राखला गेला.

माहूरचे डोंगर मात्र कधीही ज्वालामुखी नव्हते, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण अग्निजन्य खडकाचा डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी असा समज सर्वत्र आढळतो. हे डोंगर उद्रेकाने वर आलेले नाहीत. आजूबाजूचा खडक पावसाने आणि पैनगंगेच्या प्रवाहाने झिजून वाहून गेल्यावर जे टिकून राहिले ते हे डोंगर. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या रांगेत उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे वाहत येते, मराठवाडा आणि विदर्भ यांची सीमा आखते आणि माहूरच्या किल्ल्याला तीन बाजूंनी वेढा घालून पुढे वर्धा नदीला मिळण्यासाठी जाते. तिच्या पात्रापासून गडाच्या माथ्यापर्यंतची उंची म्हणजे नदीने इतक्या काळात कोरून नेलेल्या खडकाचा हिशेब आहे. लाव्हाच्या प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट व कठीण असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. कठीण भागाचा उभा कडा बनतो, ठिसूळ भाग झिजून सपाट टप्पा पडतो, आणि कडा-टप्पा-कडा असा जिना डोंगराच्या अंगावर आपोआप घडत जातो. पायऱ्यांच्या वाटेने चढताना मध्येच चढ सौम्य होऊन दुकानांना, झाडांना आणि टेकून बसणाऱ्या म्हाताऱ्यांना जागा मिळते आणि नंतर पुन्हा छातीवरचा चढ लागतो, त्यामागे बहुतेक वेळा ही थरांची रचना असते.

या खडकाचा एक तुकडा हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. ताज्या फुटीवर तो निळसर काळा दिसतो, उन्हापावसात पडून राहिलेला तपकिरी होतो. सच्छिद्र थरातील तुकड्यावर वाटाण्यापासून लिंबापर्यंतच्या आकाराची भोके असतात, ती लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची घरे होत. पुढच्या काळात या पोकळ्यांतून खनिजमिश्रित पाणी झिरपले आणि पांढऱ्या, हिरवट किंवा गुलाबी स्फटिकांनी त्या भरल्या. विहीर खणणाऱ्यांना आणि शेत नांगरणाऱ्यांना अशा भरलेल्या पोकळ्या गारगोट्या म्हणून ठाऊक असतात, आणि त्यांतील झिओलाइट या खनिजांचे महाराष्ट्रातील नमुने जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. दोन लाव्हाथरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी विटकरी लाल मातीचा पट्टा असतो. त्याला बोल म्हणतात. एक थर येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्यात खालच्या खडकाची आणि त्यावर पडलेल्या राखेची माती झाली, आणि नव्या लाव्हाने ती भाजून काढली. दख्खनच्या घाटरस्त्यांसाठी फोडलेल्या डोंगरांत हे लाल पट्टे सहज ओळखू येतात, आणि मुलांना ते एकदा दाखवले की पुढचा सारा प्रवास ती खिडकीतून पट्टे शोधण्यात घालवतात.

अशा डोंगरांच्या तीन शिखरांवर माहूरची तीन दैवते आहेत. एकावर रेणुका, दुसऱ्यावर दत्तात्रेय आणि तिसऱ्यावर त्याची माता अनसूया. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही पूर्ण पीठे आणि सप्तशृंगगडाची देवी हे अर्धे पीठ अशी गणना आहे. यांपैकी माहूरचे वैशिष्ट्य असे, की इथे देवीची पूर्ण मूर्ती नाही. गाभाऱ्यात सुमारे पाच फूट उंचीचा शेंदूरचर्चित मुखवटा आहे आणि त्याला तांदळा म्हणतात. तांदळा म्हणजे हातपाय न घडवलेले, स्वयंभू शिलेच्या रूपात पुजले जाणारे दैवत. त्यामागची कथा मराठवाड्यात घरोघरी सांगितली जाते. सहस्रार्जुनाने कामधेनूच्या लोभाने जमदग्नी ऋषींचा वध केला, तेव्हा परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह आणि दुसऱ्यात माता रेणुकेला घेऊन रानोमाळ भटकंती केली आणि अखेर माहूरच्या डोंगरावर दत्तात्रेयाच्या आचार्यत्वाखाली अंत्यसंस्कार केले. रेणुका सती गेली. मातेच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या पुत्राला आकाशवाणी झाली की माता भूमीतून प्रकट होऊन दर्शन देईल, मात्र तू मागे वळून पाहू नकोस. पण परशुरामाला धीर धरवला नाही, त्याने वळून पाहिले आणि तोवर केवळ मुखच डोंगराच्या वर आलेले होते. तेच मुख आज पुजले जाते. श्रद्धेच्या या कथेला भूशास्त्राने पडताळण्याचे काही कारण नाही. पण डोंगरातून अर्धीच बाहेर आलेली आई ही कल्पना जिथे खडक जमिनीतून असा उघडाबोडका वर येतो त्याच प्रदेशात रुजावी, यात फार खोल संगती आहे.

दर्शनाचा विधी जवळून पाहिला तर त्यात घरगुती आपुलकीच अधिक दिसते. देवीचा मुखवटा पूर्वाभिमुख आहे की नाही याची चौकशी कोणी करत नाही. साऱ्यांचे लक्ष असते ते मळवट, नाकातील नथ आणि मुखातील तांबूल यांकडे. विड्याची पाने, कात, सुपारी, बडीशेप आणि इतर जिन्नस खलबत्त्यात एकजीव होईपर्यंत कुटून तयार केलेला हा तांबूल माहूरचा खास प्रसाद आहे. तो तळहातावर मिळाला की ओलसर हिरवा-तांबडा गोळा क्षणभर हातात तसाच राहतो, बोटे रंगतात, आणि वयस्कर बायका त्यातला चिमूटभर पदराच्या टोकाला बांधून घरी राहिलेल्यांसाठी नेतात. दात पडलेल्या आजीला आणि दात न आलेल्या नातवालाही चालेल असा हा प्रसाद आहे. पुरणपोळीचा नैवेद्य, खणनारळाने भरलेली ओटी, परडी आणि जोगवा ही या कुळाचाराची इतर अंगे होत. कुळाचार म्हणजे घराण्याने देवतेशी बांधून घेतलेले, पिढीकडून पिढीकडे जाणारे आचार, आणि त्यात नव्या जोडप्याला कुलदेवतेच्या पायांवर घालणे, बाळाचे जावळ काढणे, गोंधळ घालणे अशा प्रसंगांची भर पडते.

हीच खरी महाराष्ट्राची जुनी कौटुंबिक सुट्टी. रजा, पर्यटन, हॉटेल या कल्पना येण्याच्या कितीतरी आधी कुटुंबातील स्त्रियांना घराचा उंबरठा ओलांडून दूरचा प्रदेश पाहण्याची हक्काची संधी कुलदैवताच्या यात्रेनेच दिली. बैलगाडीच्या काळात वाटेतील मुक्काम, नदीकाठचा स्वयंपाक आणि झाडाखालची विश्रांती यांतच यात्रेचे निम्मे सुख होते. नंतर मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील किनवट स्थानकापर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने येण्याचा प्रघात पडला, आणि आता नांदेड, यवतमाळ किंवा पुसदहून स्वतःच्या गाडीने सकाळी निघून संध्याकाळी परतणारी कुटुंबेही पुष्कळ दिसतात. प्रवास सोपा झाला त्यात आनंदच आहे. मुक्काम मात्र कमी झाला, आणि त्याबरोबर तीनही शिखरे सावकाश पाहण्याची सवयही विरळ झाली, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. नवरात्रात आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, गडावर मोठी गर्दी असते. श्रावण पौर्णिमेला माहूरच्या डोंगरांना पायी प्रदक्षिणा घालण्याची परिक्रमा यात्रा भरते. सागवानाच्या रानातून, ओढे ओलांडत, भर पावसात होणारी ही परिक्रमा डोंगराची सारी अंगे दाखवते, आणि खडक समजून घ्यायचा असेल तर तिच्यासारखा दुसरा मार्ग नाही. या रानाच्या आसऱ्याने गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजांची वस्ती आहे आणि तेलंगणाच्या बाजूनेही भाविक येतात. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे लोक रेणुकेला आपलीच मानतात.

ग्रीसमध्ये याच्याशी जुळणारी परंपरा शोधायची तर ती सँटोरिनीत नव्हे, त्याच द्वीपसमूहातील तिनोस बेटावर सापडते. तिथे १८२३ मध्ये जमिनीत सापडलेल्या मेरीमातेच्या चित्रमूर्तीसाठी चर्च उभे राहिले, आणि दरवर्षी १५ ऑगस्टला देशभरातून कुटुंबे बोटींनी येऊन उतरतात. नवस बोललेले कित्येक जण बंदरापासून चर्चपर्यंतचा चढ गुडघ्यांवर रांगत पार करतात. महाराष्ट्रातील लोटांगणाची किंवा दंडवताची प्रथा ज्याने पाहिली आहे त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. सँटोरिनीला जगभरचे पाहुणे जातात. ग्रीक आजी मात्र नातवंडांना घेऊन तिनोसला जाते.

खडकाने माणसाला निवारा कसा दिला, या बाबतीत माहूर आणि सँटोरिनी पुन्हा शेजारी येतात. सँटोरिनीच्या कड्यांवर राखेचा मऊ थर असल्याने गरीब खलाशांनी त्यात कुदळीने घरे कोरली. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहणारी तीच घरे आज महागडी विश्रामगृहे झाली आहेत. बेसाल्ट त्या राखेहून कितीतरी कठीण, तरीही त्यात अजिंठा-वेरूळसह हजाराहून अधिक लेणी महाराष्ट्रात खोदली गेली, कारण जाड एकसंध थर मोठी दालने कोरली तरी ढासळत नाही. माहूरची पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी लेणी याच परंपरेतली असून ती राष्ट्रकूट काळातील मानली जातात. भरभक्कम खांबांच्या ओळी आणि अंधाऱ्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचणारा उजेड पाहताना कारागिरांनी थराची पारख करूनच छिन्नी लावली असणार हे उमगते. दर्शन आटोपून थेट परतणाऱ्या कुटुंबांकडून ही लेणी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतात, आणि ती न पाहता गेलेली माहूरची यात्रा अर्धवटच म्हणावी लागेल.

शेजारच्या डोंगरावरील रामगड या माहूरच्या किल्ल्याची कथाही थरांच्या सपाट माथ्यापासून सुरू होते. वर सपाट जागा, भोवती नैसर्गिक कडा आणि तीन बाजूंना नदी असे स्थान मिळाल्यावर तटबंदी घालण्याचे काम निम्मे झालेलेच असते. उरलेला प्रश्न पाण्याचा, आणि घट्ट बेसाल्टच्या खोलगट जागी बांध घातला की पावसाचे पाणी जिरून न जाता साठते, म्हणून दख्खनच्या गडांप्रमाणे इथेही माथ्यावर तलाव आहेत. गोंड, यादव, बहमनी आणि वऱ्हाडची इमादशाही अशा सत्तांच्या हातून हा किल्ला मोगलांकडे आला आणि आईन-इ-अकबरीत माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा महसुली विभाग, म्हणून नोंदले गेले. इथल्या देशमुखीची सूत्रे सांभाळणारी सावित्रीबाई रायबागन या किताबाने प्रसिद्ध आहे. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची वाट अडवली तेव्हा ती मोगली फौजेत होती आणि वाट मागून माघार घेण्याचा व्यवहारी सल्ला तिनेच दिला असे परंपरा सांगते. सह्याद्रीच्या ऐन घाटात सापडलेल्या त्या फौजेत कड्यांचा अर्थ कळणारी एक व्यक्ती माहूरच्या गडावरची असावी, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

महानुभाव पंथाच्या वाङ्मयात माहूरच्या डोंगराला सह्याद्री असेच म्हटले आहे. पंथाच्या सात प्रमुख काव्यांपैकी रवळोबासांचे सह्याद्रिवर्णन हे चौदाव्या शतकातील काव्य याच स्थानाचा आणि दत्तात्रेयप्रभूंचा महिमा गाते, आणि चांगदेव राऊळांना वाघाच्या रूपातील दत्तात्रेयांनी मस्तकावर पंजा ठेवून अनुग्रह दिला ती जागाही इथलीच मानली जाते. आजच्या शालेय नकाशात सह्याद्री म्हणजे पश्चिम घाट, त्यामुळे हे नाव वाचकाला चुकवते. पण पश्चिम घाटाचे कडे आणि माहूरचे कडे एकाच लाव्हापर्वातून घडले आहेत, तेव्हा शिलांच्या नात्याने जुन्या ग्रंथकारांचे नामकरण अगदीच परके नाही. पुढे सोळाव्या शतकात दासोपंतांनी दत्तभक्तीची साधना याच डोंगरांत केली आणि नंतर ते अंबाजोगाईला स्थिरावले, तर रेणुकेच्या कवनांसाठी ख्यात असलेले विष्णुदास एकोणिसाव्या शतकात साताऱ्याकडून येऊन माहूरचेच झाले.

यात्रेकरूंच्या मनात एक प्रश्न नेहमी येतो, की हा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल काय. त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे नाही असे आहे. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त केंद्रातून आला त्याच्यापासून भारत हजारो किलोमीटर दूर आला असून आज ते केंद्र रियुनियन बेटावरील ज्वालामुखीला इंधन पुरवते. भारताच्या हद्दीत जागृत असा एकच ज्वालामुखी आहे, तो अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर. बुलढाण्याच्या लोणार सरोवरालाही अनेक जण ज्वालामुखीचे मुख समजतात, परंतु ते विवर उल्काघाताने बेसाल्टमध्ये पडलेले आहे. भूकंपाचे मात्र तसे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर हादरला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा कारण ज्वालामुखीत शोधले गेले. नंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनविवरात लाव्हाचे थर ३३८ मीटर खोलीवर संपले आणि त्याखाली प्राचीन खडक लागला. भूकंपाचे केंद्र त्याच्याही काही किलोमीटर खोल, त्या जुन्या खडकातील ताणात होते. काळ्या दगडांची मातीत रचलेली जाड भिंत आणि वर मातीचे धाबे या बांधणीने तिथे जीव घेतले. सँटोरिनीतही १९५६ च्या भूकंपाने घरे कोसळून माणसे गेली, आणि २०२५ च्या आरंभी हजारो धक्के बसू लागले तेव्हा शाळा बंद करून हजारो रहिवाशांना बोटींनी व विमानांनी बेट सोडावे लागले. तिथला ज्वालामुखी १९५० मध्ये शेवटचा उफाळला असून त्याच्यावर यंत्रांनी अहोरात्र नजर ठेवली जाते.

माहूरच्या यात्रेला एखादा दिवस जोडता आला तर पैनगंगेच्या काठाने आणखी दोन जागा पाहाव्यात. पहिली सहस्रकुंडचा धबधबा. तिथे नदी काळ्या खडकाच्या पायरीवरून अनेक धारांनी खाली उडी घेते, आणि पावसाळ्यानंतर पाणी ओसरले की पात्रातील कातळात पडलेले रांजणखळगे उघडे होतात. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे एकाच जागी फिरून हे खळगे खोदतात. नदीने माहूरचे डोंगर कसे कोरले असतील याचे चालू प्रात्यक्षिक तिथे दिसते, मात्र शेवाळलेल्या कातळावर मुलांचा हात सोडू नये. दुसरी जागा किनवट तालुक्यातील उनकेश्वर. शरभंग ऋषींच्या व्याधीवर उपाय म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून काढलेले म्हणून या गरम पाण्याच्या कुंडांची ख्याती आहे आणि त्वचेच्या तक्रारी घेऊन लोक इथे स्नानाला येतात. हे पाणी लाव्हाने तापलेले नाही, कारण तो लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवाला. जमिनीत खोल जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने त्वरेने वर येते, ते वाटेत निवत नाही. कुंडाच्या कडेला बसून पाय पाण्यात सोडले की गंधकाचा किंचित वास येतो, आणि हे पाणी कोणत्या साली पडलेल्या पावसाचे असेल, असा प्रश्न एखादे चौकस मूल विचारतेच. खोल भेगांतून फिरून येणाऱ्या पाण्याला अनेकदा दशके, कधी शतकेही लागतात, म्हणजे ज्या पावसात पणजोबांनी माहूरचा गड चढला असेल त्या पावसाचे थेंबही त्या कुंडात असू शकतात.